पालथ्या ताटाचे दिवस

परळला आमच्या खानावळीत चुलीसमोरच्या भिंतीला एक लांब फळी ठोकलेली होती. तिच्यावर आम्हा वीसेक गड्यांची पितळी ताटं मांडलेली असत. ताटाच्या काठावर ज्याची त्याची खूण. कुणी खिळ्याने चंद्रकोर ओढलेली, कुणी नुसती तीन टिंबं ठोकलेली. ज्याला संध्याकाळी जेवायचं नसेल त्याने सकाळी कामावर जाताना आपलं ताट पालथं घालून जायचं, अशी तिथली रीत होती. सरळ ताट म्हणजे जेवणार, पालथं म्हणजे खाडा. खानावळ चालवणारी बाई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, ती दुपारी फळीवरून एकदा नजर फिरवी आणि तेवढ्याच माणसांचे तांदूळ धुवायला घेई. सांगणं नको, विचारणं नको.

माझ्या ताटाला लागून ज्याचं ताट होतं, त्याचा मला हेवा वाटे. हेवा हा शब्द त्यातल्या त्यात बरा दिसतो म्हणून लिहितो. खरं म्हणजे तो मला डोळ्यांपुढे नको होता, आणि माझे डोळे दिवसभर त्याच्यावरच असत.

तो माझ्याच गावचा. गावच्या शाळेत आम्ही एका तरटावर बसलो. तेव्हा तो असा किरकोळ होता की पावसाळ्यात वहाळ ओलांडताना मी त्याच्या दंडाला धरून नेत असे, आणि त्याची पाटी माझ्या डोक्यावर असे. पुढे तो चुलत्याबरोबर मुंबईला गेला. माझे वडील वारले तेव्हा मी चौथीत होतो. शाळा तिथेच सुटली. काही वर्षं दुसऱ्यांच्या शेतांवर राबलो, आणि अठराव्या वर्षी आगबोटीत बसून मीही मुंबईला आलो. धक्क्यावर मला न्यायला एक रुंद मानेचा गडी आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि गर्दीत दुसरं कुणी दिसतंय का ते शोधत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "अरे, मला नाही ओळखलंस? वहाळात बुडणारा मी!"

त्याला परळपासून लालबागपर्यंत सगळे पहिलवान म्हणत. तालमीत जाई, गिरणीत दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवी, आणि मुकादम त्याच्याशी हसून बोले. त्यानेच मुकादमाच्या कानावर घालून मला बदलीवर, म्हणजे गैरहजर गड्याच्या जागी, लावून घेतलं. चाळीतल्या आपल्या गाळ्यात माझी वळकटी टाकायला जागा दिली, मावशीच्या फळीवर माझं ताट नेऊन ठेवलं. हे सगळं त्याचं ऋण माझ्यावर होतं, आणि ते मी कधी विसरलो नाही. पण ज्याचे उपकार घ्यावे लागतात, त्याचा हेवा जास्तच बोचतो. परका असता तर मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळा झालो असतो. याला शिवी देतानाही आधी जीभ चावावी लागे.

खानावळीत तर हे रोज डोळ्यांसमोर असे. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात. आमटीतला बोंबील त्याला अख्खा, मला शेपटीकडचा. रविवारी माशाचं डोकं कुणाला, तर त्याला. कुणाच्या वाटीत किती तुकडे पडले ते मी मान खाली घालून मोजत असे. एकदा दारात टोपली उतरवून बसलेल्या कोळणीने ते पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "या तुझ्या काडीला जरा जास्त वाढ गो, नाय तर दुसऱ्याच्या ताटात बघून बघून डोळेच मोठे व्हायचे." सगळी पंगत हसली. पहिलवान हसला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

आता माझं खाणं कसं होतं ते सांगायला हवं. आईने मी निघताना नवस केला होता की मुलगा नोकरीत कायम होईपर्यंत सोमवार आणि शनिवार उपास करील. त्या दोन दिवशी माझं ताट पालथं. बाकीच्या दिवशी सकाळी मला जाग उशिरा येई, कारण गिरणीत हाकलून देतील या काळजीने रात्री झोपच लागत नसे. भोंग्याच्या आधी धावत मावशीकडे जायचं, तिने फडक्यात बांधून ठेवलेली दुपारची भाकरी उचलायची आणि तसंच फाटक गाठायचं. म्हणजे उजाडल्यापासून दुपारच्या सुट्टीपर्यंत पोटात पाण्याखेरीज काही नाही. त्यात आत दमट उष्मा, सुताची कुसं नाकातोंडात, आणि साच्यांचा असा आवाज की शेजारच्या माणसाशी ओठांच्या खुणांनी बोलायचं. आल्यापासून तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी मी साच्यापुढेच कोसळलो. डोळे उघडले तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि वर मुकादमाचा चेहरा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की फाटकाबाहेर रोज सकाळी किती माणसं उभी असतात ते तू बघतोस ना? असं आणखी एकदोनदा झालं तर गावचा रस्ता धर.

गावचा रस्ता धरायचा म्हणजे आई आणि धाकटी बहीण यांच्या पुढ्यात रिकाम्या हाताने जाऊन बसायचं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट राहिली. हे शरीर टिकलं तर नोकरी टिकेल. आणि शरीर टिकवायचं तर काय खायचं ते कुणाला तरी विचारायला हवं. ज्याला विचारायचं तो उशाशीच झोपत होता. पण त्याला विचारलं असतं तर मी माझ्याच नजरेतून उतरलो असतो.

म्हणून एका रविवारी चालत गिरगावात गेलो. तिथे आमच्या तालुक्यातले एक वैद्य राहत. भला माणूस. नाडी बघितली, गावाकडची चौकशी केली, माझ्याकडून काही घेतलं नाही, वर जाताना केळं दिलं. कागदावर पथ्य लिहून दिलं ते मला अजून पाठ आहे. जुने तांदूळ, मुगाचं वरण, गाईचं तूप, डाळिंबाचे दाणे, जेवणानंतर घटकाभर डाव्या कुशीवर विश्रांती, आणि सायंकाळी समुद्राकाठी सावकाश फेरफटका. कागद खिशात घालून परत येताना मला फार बरं वाटत होतं. आपण आता पथ्याचा माणूस झालो, असं काहीसं.

मावशीने कागद ऐकून घेतला आणि विचारलं, "या वैद्याने गिरणी आतून बघितलीय का कधी?" तरी मूग तिने वेगळे शिजवून दिले. जुने तांदूळ कुठून आणायचे? डाळिंब तर दूरच. पण डावी कूस काही विकत घ्यावी लागत नव्हती. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत भाकरी खाल्ली आणि मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे रीतसर डाव्या कुशीवर झालो. कित्येक रात्रींची राहिलेली झोप एकदम आली. भोंगा झाला, साचे सुरू झाले, मला काही पत्ता नाही. मुकादमाने पायाने ढोसून उठवलं. मी घाबरून म्हणालो की वैद्याने सांगितलंय. आजूबाजूचे दहा जण हसले. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की कुणीतरी डाव्या बाजूला कलून उभं राही. मुकादमाने फक्त दोन बोटं दाखवली. दोनदा झालं.

त्या रात्री मी ठरवलं की आता वैद्यबिद्य नको. समोर जे दिसतंय तेच करायचं. पुढच्या रविवारी पहिलवान तालमीत गेला तेव्हा मीही मागोमाग गेलो आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. कुस्त्या झाल्यावर वस्तादाने पितळी लोटा पुढे केला. दूध, त्यात वाटलेले बदाम, वर तूप तरंगत होतं. पहिलवानाने तो एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. मला वाटलं, सापडलं! हे आहे होय! आम्हाला मेल्यांना आमटीतल्या बोंबलावर झुलवायचं, आणि स्वतः इथे येऊन हे ढोसायचं.

मंगळवारपासून मी त्याचा खुराक सुरू केला. त्यासाठी खानावळीत आणखी तीन दिवस ताट पालथं घालायला लागलो, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाऐवजी दूध आणि बदाम घेता येत. सोमवार-शनिवार उपास, मंगळवार-बुधवार-गुरुवार खुराक. लालबागच्या वाण्याकडून बदाम आणायचे, ट्रंकेमागे लोट्यात भिजत घालायचे, आणि बाकीचे सगळे जेवायला गेले की वरवंट्याने रगडायचे. गवळ्याकडचं म्हशीचं दूध कच्चंच, कारण गाळ्यात चूल नव्हती. वर दोन चमचे तूप. पहिल्या दिवशी मी आरशाच्या तुकड्यात दंड फुगवून बघितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला. तिसऱ्या दिवशी आरशात बघायला उसंत मिळाली नाही, कारण मी सगळा वेळ चाळीच्या टोकाला लोटा घेऊन रांगेत होतो.

पोटाचं कारण मला उमगलं नाही असं नाही. पण मी म्हणालो, नवीन खाणं आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. असं तीन आठवडे रेटलं. शरीर भरायच्या ऐवजी गालाची हाडं वर आली. आणि एका शुक्रवारी सकाळी साच्यापुढे उभा असताना समोरचा उभ्या धाग्यांचा ताणा एकदम हलायला लागला. तो हलत नव्हता, मी हलत होतो. पडणार हे कळलं. तेवढ्यात मागून कुणीतरी काखेत हात घातला आणि मला उचलून पाण्याच्या पिंपामागे नेऊन बसवलं. पहिलवान होता. स्वतःचे दोन साचे आणि वर माझा, असे तीन साचे तो किती वेळ सांभाळत होता मला ठाऊक नाही. मुकादम आला तेव्हा मी पिंपामागून त्याचे पाय बघत होतो. माझ्या साच्याकडे बोट करून त्याने विचारलं असावं. पहिलवानाने ओठांनी सांगितलं ते मला स्पष्ट वाचता आलं. पाणी प्यायला गेलाय, आत्ता येईल.

मी वाचलो. आणि त्या वेळी मला जे वाटलं ते लिहायला आजही लाज वाटते. मला वाटलं, याने मला पडू का दिलं नाही? आता जन्मभर याचं तोंड वर आणि माझं खाली.

त्या संध्याकाळी माझं ताट सरळ होतं, कारण शुक्रवार होता. पंगत उठल्यावर मावशीने मला थांबवून घेतलं. ती काठवट धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फळीकडे बघ आणि सांग, आठवड्यात तुझं ताट किती दिवस सरळ असतं?"

मी म्हणालो, दोन.

"आणि त्याचं?"

मी फळीवरच्या त्याच्या ताटाकडे बघितलं.

"तो इथे आला तेव्हा तुझ्याहून वाळका होता. तुला माहीत नाही, मला माहीत आहे. त्याच्या चुलत्याने त्याला माझ्या पुढ्यात बसवला आणि सांगितलं, मावशी, याला काही वेगळं नको, पण चुकवू देऊ नका. तेव्हापासून मी त्याचं ताट पालथं बघितलेलं नाही."

मी हट्टाने म्हणालो की तो तालमीत दूध-बदाम पितो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"पितो. रविवारी. वस्ताद देतो तेव्हा. बाकीचे सहा दिवस कोण घालतं त्याला? मीच ना?" आता तिने वळून पाहिलं. "अरे मेल्या, तू त्याचा रविवार बघितलास. सकाळ कधी बघितलीस? तुझ्या डोळ्यांवरची झोप उतरायच्या आधी तो इथे चुलीपाशी बसलेला असतो. वाडगाभर नाचणीची आंबील, रात्रीची अर्धी भाकरी, कांदा. तेवढं पोटात घातल्याशिवाय तो फाटकाकडे जात नाही. संध्याकाळीही दिवा लावला की पहिला तो. म्हणून पहिली भाकरी त्याची. तू शेवटी येतोस तर शेपटीच राहणार. तुला काय वाटलं, तो माझा जावई आहे?"

इतके दिवस मी ज्या भाकरीवर जळत होतो ती भाकरी लवकर येणाऱ्याची होती, एवढं साधं होतं ते. मग मावशी पदराला हात पुसत समोर येऊन बसली.

"आता माझं ऐक. वैद्याचं नको, तालमीचं नको, माझंही नको. तूच सांग. पुढच्या वर्षी याच दिवशीही तू खात असशील असं काय आहे? जे रोज मिळेल आणि रोज गिळशील, तेवढंच सांग. ते मी घालीन. पण मग ताट पालथं घालायचं नाही."

डाळिंब आठवलं, तूप आठवलं, वस्तादाचा लोटाही आठवला. तोंडातून निघालं ते हे. सकाळी आंबील. दुपारी भाकरीबरोबर पालेभाजी, मग ती माठाची असो की मुळ्याची. संध्याकाळी भात आणि कुळथाची पिठी नाही तर माशाची आमटी. ताक असेल तेव्हा ताक. मावशी म्हणाली, "हे तर तू लहानपणापासून खातोयस." मी म्हणालो, हो, म्हणूनच सांगितलं.

राहिले उपास. ते माझ्या हातचे नव्हते. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या एका शिकलेल्या भाडेकऱ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेता आलं असतं, पण मी स्वतःच लिहिलं, चौथीच्या अक्षरात. साच्यापुढे पडलो होतो हेही लिहिलं, जे आजवर लपवलं होतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आईला लिहिता येत नसे. गावच्या मास्तरांचं वळणदार अक्षर होतं, पण वाक्यं तिचीच. उपास मी करते, देवाला आमचं घर एकच आहे, तू जेव. मी ते कार्ड ट्रंकेमागे, जिथे बदामाचा लोटा असे तिथे ठेवलं.

यात फार काही मोठं होतं असं नाही. पहिले काही दिवस आंबील घशाखाली उतरत नसे, कारण एवढ्या पहाटे पोट उघडायची सवयच नव्हती. आणि चुलीपाशी त्याच्या शेजारी बसावं लागे, ते अधिक जड. तो वाडगा तोंडाला लावून भुरके मारी. चौथ्या का पाचव्या दिवशी त्याने आपल्या कांद्याची एक फोड माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. पण मनात पहिलं आलं ते हेच की याने मोठी फोड स्वतःकडे ठेवली.

हेवा असा एका दिवसात जात नाही. फक्त त्याला आता दुसरं काम मिळालं. मी त्याच्या वाटीतले तुकडे मोजायचं सोडलं आणि त्याच्या ताटाशी माझं ताट ताडून बघायला लागलो. एक महिना सरळ, दोन महिने सरळ. सर्दीतापातही मी येऊन बसायचो, मावशी पेज देई. संक्रांत गेली, शिमगा गेला. शिमग्याला पुरणपोळी होती आणि मी तीन खाऊन चौथीला हात आखडता घेतला, तेव्हा मावशी पंगतीला उद्देशून म्हणाली की गडी आता शहाणा व्हायला लागलाय, याला मुलगी बघा.

मग वैशाख आला. त्या उन्हात साचेखात्यात भिंतींना हात लावला तर पोळे. एका दुपारी सुट्टीच्या आधी आमच्या ओळीतले दोन बदलीवाले खाली बसले, एकाला तर उचलून बाहेर न्यावं लागलं. मुकादम ओळीतून येत होता, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. माझ्या पाठीवर घामाचे ओघळ होते, पण पाय जागच्या जागी होते आणि धोटा नीट धावत होता. तो माझ्यापाशी थांबला. मला वाटलं काही बोलेल. त्याने कापडाला बोट लावून पाहिलं आणि पुढे गेला. महिनाअखेर त्याने मला फाटकापाशी बोलावून सांगितलं की पहिल्या तारखेपासून बदलीवर नाही, हा साचा तुझा.

ही बातमी सांगायला धावत गाळ्यात आलो तर पहिलवान ट्रंक बांधत होता. त्याच्या बहिणीचं लग्न गावी ठरलं होतं. दहा दिवसांसाठी चालला होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "मला सकाळीच कळलं. म्हटलं तू सांगशील." आणि पाठीवर अशी थाप मारली की मी भिंतीवर आदळलो.

दुसऱ्या सकाळी चुलीपाशी मी एकटाच आंबील पीत होतो. जाता जाता फळीकडे नजर गेली. माझ्या शेजारचं ताट पालथं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात काहीतरी उडी मारून उठलं. दहा दिवस! त्याचे दहा खाडे आणि माझा एकही नाही. दुपारी भाकरी खाताना मी ते दहा दिवस पुन्हा पुन्हा घोळवत होतो, पोटात गोडधोड गेल्यासारखे. मग आठवलं की ते ताट तो लग्नाला गेला म्हणून पालथं आहे, आणि गावी पोचल्यावर तो माझ्या आईला सांगेल की तुमचा मुलगा कायम झाला.

तो परत आला त्या सकाळी मी त्याच्या आधी खानावळीत पोचलो होतो. मावशीने पहिली भाकरी तव्यावरून उतरवली आणि माझ्यापुढे ठेवली, कारण पहिला मी होतो. दारात त्याची सावली पडली. मी भाकरीचे दोन तुकडे केले. थोडा वेळ दोन्हीकडे बघितलं, मग मोठा त्याच्याकडे सरकवला आणि उठून फळीवरचं त्याचं ताट सरळ करून ठेवलं.